वहिनीच्या पोत्यातले सुरे

भाऊ गेल्यावर त्याचं आचाऱ्याचं काम वहिनीने हाती घेतलं. आंधळगावच्या आसपासच्या लग्नांत बाई आचारी म्हणून आधी लोक तिच्याकडे वळून वळून पाहत. पुढेपुढे ते तिला विचारून लग्नाची तारीख धरू लागले. मी शाळेत शिकवते, पण सुट्टी असली की तिच्याबरोबर कांदे चिरायला जायचे. तिचं काम पाहत बसणं मला आवडायचं.

त्या हिवाळ्यात निवडणूक लागली होती. करडी गावात एका लग्नाचा स्वयंपाक होता. पिकअपमध्ये भाताचे मोठे गंज, पराती, झारे आणि सुऱ्यांचं पोतं होतं. मागे आम्ही दोघी आणि वहिनीच्या हाताखाली पोळ्या लाटणारी एक तरुण बाई, लेकीला घेऊन माहेरी राहणारी. रस्त्यात पोलिसांनी नाकाबंदी लावलेली. शिपायाने पोतं उघडलं आणि त्याचा चेहराच बदलला. फणस फोडायचा कोयता, मटणाचा सत्तूर, हातभर लांब सुरे. हे सगळं ठाण्यात जमा होईल, असं तो म्हणाला. वहिनीने त्याला समजावलं, की संध्याकाळी पंगत बसायची आहे. तो ऐकेना.

तेवढ्यात फौजदार मॅडम आल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. त्यांनी सगळी हत्यारं जीपच्या बॉनेटवर मांडायला लावली आणि एकेक उचलून वहिनीला विचारलं, हे कशाला लागतं. वहिनी सांगत गेली. मग त्या शिपायाला शांतपणे म्हणाल्या, की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं की कायदा त्याला शस्त्र धरतो हे खरं, पण घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. ही बाई कामावर निघाली आहे. सगळं परत ठेवा.

शिपाई पोतं भरू लागला, तेव्हा तळातून एक छोटा चाकू निघाला. बटण दाबलं की पातं उघडणारा. जेमतेम बोटभर.

"हा कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. शिपायाने, एवढासा तर आहे, राहू द्या, असं सुचवलं. वहिनी भाजीचा म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण ती बोलायच्या आत मागची बाई खाली उतरली.

"तो माहा आहे मॅडम. पोलीस दिसले तं मीच पोत्यात टाकला. सांजच्याले मी एकटीच घरी जातो. गावातला एक जण वाटेत आडवा येते."

मॅडमनी तिला बाजूला नेऊन सगळं विचारून घेतलं. नंतर वहिनीला सांगितलं, की पातं लहान असलं तरी हा स्वयंपाकाचा चाकू नाही, आणि निवडणुकीपुरता जिल्ह्यात असला चाकू घेऊन फिरायला मनाई आहे. तो जप्त होणार, गुन्हाही नोंदवावा लागणार. "पण त्या माणसाची तक्रारही मी आजच लिहून घेते," त्या म्हणाल्या. पंगतीची वेळ जवळ येत होती. पंचनामा आणि तक्रार लिहून झाल्यावर त्यांनी आम्हाला जाऊ दिलं.

गाडीत ती बाई रडायला लागली. आता वहिनी आपल्याला कामावर ठेवणार नाही, असं तिला वाटत होतं. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मले आधी काहून नाही सांगितलं तू?" एवढंच ती म्हणाली.

पुढे कोर्टात त्या बाईने गुन्हा कबूल केला. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा झाली. त्या दिवशीचं साखरपुड्याचं काम वहिनीने दुसऱ्याला दिलं आणि दिवसभर तिच्या शेजारी बाकावर बसून राहिली. त्या माणसाला पोलिसांनी पकडून नेलं, त्याच्यावर खटला उभा राहिला. त्यानंतर तो तिच्या वाटेला गेला नाही.

चूक पोटात घालून माया करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्या मॅडमनी चूकही लिहिली आणि तिच्यामागची भीतीही लिहून घेतली. वर्गात शिस्तीचा प्रश्न आला की मला त्या आठवतात. ती बाई अजून वहिनीकडेच आहे. वहिनी जो कुणावर सोडत नसे, तो मोठ्या पंगतीचा भात हल्ली तीच उतरवते.