आतोबांचा व्हाळ

अख्ख्या मुलुंडमध्ये नाल्यावर प्रेम करणारा एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. कोणाचं प्रेम बायकोवर असतं, कोणाचं मोटारीवर, कोणाचं देवावर. आमच्या आतोबांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, ते इमारतीमागच्या नाल्यावर होतं. नाला हा शब्दसुद्धा त्यांना खपत नसे. "नालो नाय रे मेल्या, व्हाळ म्हण," असं ते मालवणीत डाफरत. त्यांच्या गावाकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात, आणि हा मुळात डोंगरातून उतरलेला ओढाच होता, हे खरं. डोंगरातून निघायचं, रंगाच्या कारखान्याच्या मागून जायचं, आत्याच्या इमारतीला वळसा घालायचा आणि पुढे खाडीला मिळायचं, असा त्याचा क्रम. "डोंगरात जन्मलो, खाडीत जातलो, मधे जरा वायट संगतीक लागलो, इतक्याच," असं आतोबा त्याच्या वतीने सांगत. नापास झालेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसा त्यांचा सूर असे. इमारत नवी होती तेव्हा लोकांनी रस्त्याकडच्या जागांसाठी धडपड केली. आतोबांनी आपणहून तळमजल्यावरची, नाल्याकडे खिडकी असलेली जागा मागितली. बिल्डरने "नक्की ना?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे. वासाचं कोणी काढलं की आतोबा म्हणत, "सवय होते." आत्या स्वयंपाकघरातून म्हणे, "मला अजून व्हायची आहे."

कारखान्यात ज्या दिवशी जो रंग शिजे, तो रंग नेसून व्हाळ खिडकीखालून जाई. कधी निळा, कधी जांभळा, सणासुदीच्या आधी तर असा लालभडक की नवा माणूस घाबरून पोलिसांत जावा. आतोबा खाली उतरत, बाटलीला दोरी बांधून पाणी भरत आणि ती बाटली खिडकीत मांडून ठेवत. खिडकीत उजेड आला की आत्याच्या भिंतीवर रंगपंचमी. एकदा मी एका मित्राला घेऊन गेलो होतो. उन्हाचे आलो म्हणून आत्याने कोकमाचं सरबत पुढे केलं. मित्राने पेला पाहिला, मग खिडकी पाहिली, मग परत पेला पाहिला आणि "मला तहान लागत नाही" असं एक अजब विधान केलं. माणसांचं हे, तर बाकीच्या जिवांचं काय सांगावं! त्या पाण्यात शेवाळ धरत नसे, बेडूक ओरडत नसे, आणि मुख्य म्हणजे डास नावालाही नव्हता. चेंबूरचे आमचे नातेवाईक मच्छरदाणीत गुदमरत असताना मुलुंडला आत्याकडे सताड खिडक्या उघड्या टाकून लोक झोपत. जागा बघायला कोणी आलं की सोसायटीचे सेक्रेटरी छाती पुढे काढून सांगत, "वास आहे, पण डास नाही!"

आतोबा एका विमा कचेरीत नोकरीला होते. दर महिन्याला एक रजा ते व्हाळासाठी काढत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री आणि पिशवीत बाटल्या. प्रदूषणाचा कायदा झाला आहे, त्यासाठी सरकारी कचेरी आहे, कचेरीत साहेब आहे, मग तक्रारअर्ज कशाला, प्रत्यक्ष व्हाळालाच साहेबांच्या भेटीला न्यावा, असं त्यांचं साधं गणित होतं. पिशवी जड म्हणून एकदा मला सोबत नेलं. आत गेल्यावर त्यांनी थेट साहेबांच्या टेबलावर एकेक बाटली मांडली आणि झाकणं काढली.

"अहो, हे काय आहे?" साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"आमचा व्हाळ. हा परवाचा, हा कालचा. आजचा जरा गरम होता, म्हणून भरता आला नाही."

"बरं बरं, झाकणं लावा हो आधी!"

"आम्ही कुठलं झाकण लावायचं, साहेब?" आतोबा अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आम्हाला चोवीस तास हा असाच उघडा मिळतो."

साहेब हसले. भला माणूस होता बिचारा. पण भल्या माणसालाही दर महिन्याला टेबलावर बाटल्या नको असतात. कायद्याने हलले, वासाने हलले की आतोबांना कंटाळून हलले, देव जाणे. पण एके दिवशी कारखान्यावर माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. मग नोटीस गेली, मग कारखान्याने हो-नाही करत घाण पाणी धुऊन सोडायचं यंत्र बसवलं. आणि व्हाळाचा रंग उतरायला लागला. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा राखाडी, आणि एका सकाळी आतोबांना तळाचा दगड दिसला. दगड! त्या माणसाने दगड दिसला म्हणून सगळ्या इमारतीला पेढे वाटले. इमारतीतले सगळे माझ्या देखादेखी त्यांना आतोबाच म्हणत. "आतोबांना नातू झाला काय?" असं विचारत लोक बाहेर आले, तर हे त्यांना हाताला धरून मागे नेत होते आणि बोटाने दगड दाखवत होते. आत्याला तर उठल्यासुटल्या खिडकीशी बोलावणं. "अगो, बघ तरी!" "बघितला हो दगड, माझी आमटी उतू जातेय!" पण तीही पदराला हात पुसत येई आणि बघे. मला त्या दिवसांत आतोबांचा खरंच अभिमान वाटायचा. मी तरी माझ्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट स्वच्छ केलेली नाही.

आणि मग डास आले.

आता विष गेल्यावर पाण्यात जीव येणारच, आणि जीव यायचा म्हटल्यावर सगळ्यांत आधी कोण येतो हे मुंबईकराला सांगायला नको. पण इमारतीने आजवर डास पाहिलाच नव्हता, त्यामुळे कोणाच्या घरात मच्छरदाणी नाही, खिडकीला जाळी नाही. दिवेलागणीला खिडक्या धडाधड बंद होऊ लागल्या. घराघरांतून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर निघू लागला. "आतोबा, तुमचे पाहुणे आलेत," लोक जिन्यात थांबवून सांगत. सोसायटीच्या सभेत तर एका सभासदाने, कारखान्याला पुन्हा थोडा रंग सोडण्याची विनंती करावी, असा ठराव मांडला. "थोडाच, संध्याकाळपुरता," अशी त्याला दुरुस्ती सुचवली गेली आणि ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. विरोधात एक मत. ते कोणाचं हे सांगायला नको.

सोसायटीने मग पालिकेचा पंपवाला बोलावला. तो पाठीवर पंप घेऊन आला आणि पाण्यावर डास मारायचं काळं तेल फवारणार, तोच आतोबा छत्री आडवी धरून उभे.

"काका, बाजूला व्हा ना. आपल्याला पुढे अजून गटारं आहेत."

"पाण्यात तेल टाकणं म्हणजे प्रदूषण! कारखान्याला एक न्याय आणि तुला दुसरा?"

"काका, कारखाना काय डास मारत होता काय?"

"मारत होता! तोच तर घोळ आहे ना!"

एवढं कबूल करूनही छत्री काही हलली नाही. दुसऱ्याच दिवशी तेलाच्या तवंगाची एक बाटली वॉर्ड ऑफिसात पोचली. तिथल्या साहेबांना बाटल्यांची सवय नव्हती. त्यांनी पहिल्याच बाटलीला हात टेकले. तेल बंद. त्याऐवजी विहिरीत सोडतात ते गप्पी मासे मिळाले. हे इवलेसे मासे डासांच्या अळ्या खातात. आतोबांनी मोठ्या थाटात बादली उपडी केली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की विहीर जागेवर असते आणि व्हाळ वाहतो. मासे खाडीच्या दिशेने निघाले आणि आतोबा काठाकाठाने छत्री घेऊन त्यांच्यामागे.

यावरचा उपाय मात्र फक्त कोकणातल्या माणसालाच सुचला असता. तिकडे पाऊस सरला की गावकरी मिळून व्हाळाला दगडमातीचा बांध घालतात, म्हणजे पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भाजीपाल्याला पुरतं. आतोबांनी दिवाळी झाल्यावर मुलुंडमध्ये बांध घातला. धोतर खोचून, गुडघाभर पाण्यात, एकटे. मागे झकास तळं झालं. त्यात मासे राहिले, काठच्या उथळ पाण्यात तेवढे ते जात नसत, आणि एके दिवशी एक बगळा येऊन त्यातले काही खाऊनही गेला. आतोबा त्याला आरडाओरडा करून हाकलत आणि तो गेला की दिवसभर त्याची वाट बघत. "आमच्याकडे बगळा येतो," असं कचेरीत सांगत असत म्हणे.

त्या थंडीत आत्याला ताप भरला. साधा म्हणून काढा दिला, तर संध्याकाळी अशी हुडहुडी की तीन गोधड्यांखाली कॉट वाजत होती. मी तिथेच होतो. डॉक्टर आले, मलेरिया म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या आणि निघताना सहज म्हणाले, "आसपास कुठे पाणी साचतंय का बघा. या डासाला घाण पाणी चालत नाही. स्वच्छ लागतं, आणि साचलेलं."

मी आतोबांकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं. व्हाळ स्वच्छ झाल्याच्या ज्या सर्टिफिकेटची ते इतकी वर्षं वाट बघत होते, ते असं आत्याच्या अंगातून आलं होतं. रात्रभर ते तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होते आणि खिडकीकडे पाठ करून बसले होते. सभेत तो रंगाचा ठराव वाचून दाखवणारे सेक्रेटरीच सकाळी पेजेचं भांडं घेऊन दारात उभे राहिले.

आतोबा त्यांना म्हणाले, "वहिनींना जरा हिच्याजवळ बसायला सांगा," आणि वॉर्ड ऑफिसात गेले. येताना पंपवाल्याला घेऊनच आले. त्याला काठावर थांबवून स्वतः चहाचं गाळणं घेऊन पाण्यात उतरले आणि एकेक मासा काढायला लागले. एका गाळण्याने कुठे तळं उपसतं? वरच्या खिडक्यांतून लोक बघत होते. मग सेक्रेटरी पायजमा वर करून उतरले, मग बाकीचे. कोणी पीठ चाळायची चाळणी आणली, कोणी जुनं पातळ. त्याच तळ्याला शिव्या घालणारी माणसं "ए, तिकडे बघ रे, एक सुटला!" असं ओरडत मासे धरत होती आणि पंपवाला काठावर विडी ओढत वाट बघत होता. बादल्या भरल्यावर आतोबांनी स्वतःच्या हाताने बांध फोडला. उरलेल्या डबक्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "ओत."

काळं तेल पाण्यावर पसरलं. मी शेजारी उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आतोबा, इतक्या वर्षांची मेहनत तुमची."

"व्हाळ काय, परत साफ करता येईल रे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. "ही गेली तर मी दाखवू कोणाला?"

आत्या बरी झाली. मासे विहिरी असलेल्या लोकांकडे गेले. व्हाळात रंग पुन्हा काही आला नाही, आणि डासांचं म्हणाल तर जाळ्या-मच्छरदाण्या लावून सोसायटी इतर मुंबईसारखी राहायला शिकली. बांध आतोबांनी पुन्हा कधी घातला नाही. निवृत्त झाल्यावर सकाळ-संध्याकाळ आत्याला खिडकीशी बोलावणं तेवढं चालू राहिलं, आणि अशाच एका सकाळी चहा घेता घेता ते गेले.

आता आत्या एकटीच असते. मी रविवारी जातो. गुडघे धरल्यामुळे ती फारशी उठत नाही, पण मी आलो की भिंतीला धरून खिडकीपर्यंत येते आणि म्हणते, "ये रे, बघ तरी आज पाणी कसं आहे." पाणी नेहमीचंच असतं. तरी मी जातो, तिच्याजवळ उभा राहतो आणि ती दाखवील ते सगळं बघतो.