इंग्रजी, जाड

शेजारच्या पोलिश आजींशी माझी ओळख बर्फामुळे झाली. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये आमचे दोघींचे ड्राइव्हवे लागून होते. स्वतःच्या भागातला बर्फ शोव्हल करून झाला की त्या माझ्याकडचाही थोडा उपसून टाकायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई आपलं काम करते आहे हे बघून मला इतकी लाज वाटायची की मी अलार्म वीस मिनिटं अलीकडे आणला. मग आम्ही बरोबरच उपसायला लागलो.

एकदा मी विचारलं, "तुम्ही या देशात कशा आलात?"

"फावडं हातात धरून सांगण्यासारखी गोष्ट नाही ती. फार लांब आहे," त्या म्हणाल्या आणि घरातून एक कादंबरी घेऊन आल्या. विटेएवढी जाड, इंग्रजीतली, पोलिश लोकांच्या कित्येक शतकांची. "हे वाच. पण जपून. नवऱ्याचं आहे."

त्यांचा नवरा इथल्या कारखान्यात वेल्डर होता, आणि त्याला जाऊन काही वर्षं झाली होती. तो कॅनडात आला तेव्हा त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. व्याकरणाच्या वर्गात झोप यायची, म्हणून त्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ही कादंबरी आणली. भाषा परकी असली तरी निदान माणसं ओळखीची! रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो एकेक पान वाचायचा आणि अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं पोलिश अर्थ लिहायचा. सुरुवातीच्या पानांवर तर छापील अक्षरांपेक्षा पेन्सिलच जास्त होती. पुढे ती विरळ होत गेली. शेवटाकडे एखाददुसरा शब्द, बाकी पान स्वच्छ. पानं उलटता उलटता एक माणूस इंग्रजी शिकताना दिसायचा.

मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागले. पात्रांची नावं काही केल्या जिभेवर बसेनात, म्हणून कॅलेंडरच्या पाठीमागे वंशावळ काढली आणि सगळ्यांना आपल्या सोयीची नावं दिली. थोरला पाटील, भांडखोर जाऊ, घोड्यावरचा मेहुणा. मग सगळं सुरळीत झालं. शेजारच्या राज्यांनी त्यांचा देश शेताच्या तुकड्यांसारखा वाटून घेतला, तिथपर्यंत मी आले. शंभराहून जास्त वर्षं नकाशावर देशच नाही, आणि माणसं मात्र आपली भाषा धरून बसलेली. ते वाचून मी डबा तसाच घरी आणला होता.

त्याच हिवाळ्यात सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्या. दोन हजार आठ-नऊचं साल असावं. बाहेर पडणं शक्य नव्हतं आणि रिकामं बसणं त्यांना माहीत नव्हतं. आमच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळाच्या वाचनालयाच्या पेट्या असायच्या, कारण ते काम माझ्याकडे होतं. त्या सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालायची असं त्यांनी ठरवलं. ग्रोसरीच्या तपकिरी कागदी पिशव्या कापून, कडा दुमडून, अशी सुबक कव्हरं की बघत राहावं. संक्रांतीच्या कार्यक्रमाला माझ्या नवऱ्यानं पेट्या गाडीत भरून हॉलवर नेल्या. बर्फ सुरू झाल्यामुळे लोकांनी तिळगूळ आणि पुस्तकं घाईघाईनं उचलली, आणि कोणी काय नेलं याची नोंद त्या दिवशी कोणीच केली नाही. माझ्या कारकिर्दीत हे एकदाच झालं.

पुढच्या बुधवारी शेजारच्या आजी दारात आल्या. "घर विकलं. शनिवारी मुलगी येतेय, मी कॅलगरीला जाणार तिच्याकडे. पुस्तक झालं का?"

"उद्या आणून देते," मी म्हणाले आणि आत आले. वाचून झाल्यावर कॉफी टेबलावर ठेवलेलं पुस्तक तिथे नव्हतं.

"आई, इथलं जाड पुस्तक कुठाय?"

"कव्हर घातलं की! किती फाटलं होतं गं बाई ते. ठेवलं पेटीत, सगळ्यांबरोबर."

"आजी, दॅट वॉझन्ट इव्हन अवर्स!" माझी मुलगी ओरडली.

"तुमच्या घरात होतं ते तुमचंच, एवढं मला कळतं. आणि वर नीट लिहिलंय मी."

"काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? 'इंग्रजी, जाड'."

पेट्या उलट्यापालट्या करून झाल्या. पुस्तक नव्हतं. मी मंडळाच्या सगळ्या सभासदांना ईमेल टाकली: कव्हरवर 'इंग्रजी, जाड' असं लिहिलेलं पुस्तक कोणाकडे आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या किचनर गावाहून एका मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, आमच्या बाबांकडे आहे. पण एक प्रॉब्लेम झालाय." तिचा आवाज खाली गेला. "ते रबर घेऊन बसलेत."

 तिचे सासरे निवृत्त हेडमास्तर. वाचनालयाच्या पुस्तकात कोणी पेन्सिलीनं रेघ जरी ओढलेली दिसली तरी ती खोडल्याशिवाय ते पुस्तक परत देत नसत. आदल्या कार्यक्रमात त्याबद्दल मंडळानं नारळ देऊन त्यांचा सत्कार केला होता. सूचना माझीच होती.

"त्यांच्या हातातून रबर काढून घे! मी निघालेच."

सासूबाईही कोट चढवून गाडीत बसल्या. 

हेडमास्तर पुस्तक मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. "या, बसा. तुमच्या मंडळाचे वाचक फार वाईट हो! काय गिचमिड करून ठेवलीय!"

"काका, किती खोडलंत?"

"दोन पानं. तिसऱ्यावर रबर संपलं. काय दाबून लिहिलंय! मग म्हटलं, एवढं कशासाठी दाबलंय ते बघू तरी. लिपी इंग्रजी, पण शब्द एक लागेना. म्हणून खालची छापील ओळ वाचली, मग पुढची, मग काय..." त्यांनी पुस्तकात घातलेलं बोट दाखवलं. बोट पार मधोमध होतं. "तो घोड्यावरचा वाचतो का हो लढाईत?"

मी तिथल्या स्टुलावर टेकले. सासूबाईंनी मोठ्यानं "हुश्श" केलं.

"दोन दिवस राहू दे ना," हेडमास्तर म्हणाले.

"नाही काका. तुम्हाला दुसरी प्रत आणून देते. कोरी. रबर लागणार नाही."

शुक्रवारी आम्ही दोघी शेजारी गेलो. स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती. मी सगळं सरळ सांगून टाकलं आणि पहिलं पान उघडून दिलं.  आजींनी पुस्तक खिडकीपाशी नेऊन पान तिरपं धरलं. शिसं गेलं होतं, पण प्रत्येक शब्दाची खाच कागदात तशीच होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"दर आठवड्याला पेन्सिल मोडायचा. मी ब्रेडबरोबर पेन्सिली आणायचे," त्या म्हणाल्या. मग आवरायच्या ड्रॉवरमधून पेन्सिलीचा एक बारीक तुकडा शोधला आणि एका खाचेतून तो सावकाश फिरवला. शब्द पुन्हा वर आला. "हा त्यानं मला विचारला होता. मलाही येत नव्हता. बाकीचे मुलीकडे गेल्यावर करीन. तिकडे करायला काहीतरी हवंच."

मी कव्हर काढायला गेले तर त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "राहू दे. छान घातलंय. आणि हे वर काय लिहिलंय?"

मी सांगितलं. सासूबाई अवघडून माझ्यामागे सरकल्या. आजी इतक्या हसल्या की त्यांना खोक्यावर बसावं लागलं.

"तिला सांग," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी माझा नवराही अगदी हेच म्हणाला होता."

मी सांगितलं. सासूबाईंनी पिशवीतून लाडवांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला.