चर्चबाहेरचं बाक

वळसंगच्या एसटीसाठी मी रोज उभी राहते, त्या थांब्यामागंच एक चर्च आहे. तिथं झाडलोट करणारी, वस्तीतल्या आजाऱ्यांना डबे पोचवणारी एक म्हातारी होती. पगार नव्हता. नाव मी कधी विचारलं नाही. दर सोमवारी ती चर्चमधलं एक लांब बाक एकटीच ओढत थांब्यावर आणायची आणि शनिवारी धुऊन रविवारच्या प्रार्थनेसाठी आत न्यायची.

एकदा ती ते बाहेर ओढत असताना चर्चच्या कमिटीचे साहेब चिडले. "मावशी, देवाचं बाक रस्त्यावर?"

"देव बसतोय व्हय त्याच्यावर? ही पोटुशी पोर बसती की!" थांब्यावरच्या मुलीकडं बोट करून ती म्हणाली. मग पदर खोचून साहेबांनाच म्हणाली, "त्या बाजूनं धरा जरा." साहेबांनी मुकाट्यानं धरलं.

ती गेली, त्या सोमवारपासून बाक बाहेर आलंच नाही.

चर्चमध्ये तिच्या स्मरणसभेत तिच्या सेवेचं तोंडभर कौतुक चाललं होतं. मी ना त्या धर्माची, ना त्या चर्चची. उन्हानं रंग उडालेलं ते बाक मागंच होतं. सभा संपताच मी पदर खोचला आणि ते दाराकडं ओढायला लागले.

साहेब धावत आले, "अहो बाई, हे काय?"

मी म्हटलं, "त्या बाजूनं धरा जरा."