ओडेलचा अंगठा

वर्लीन स्टिथनं बावीस वर्षं थंड खोलीत काढली. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेबनन गावाबाहेर औषधांची वखार, आणि वखारीच्या पोटात ही खोली, बारा महिने चार अंशांवर. इन्सुलिन इथंच उतरायचं. बाई हाडानं काटक, तोंडानं तिखट. ट्रकवाले तिच्याशी हुज्जत घालायला धजत नसत.

चार वर्षांमागं वखारीत साखळी आली. कागदोपत्री तिला ब्लॉकचेन म्हणतात. औषधाच्या प्रत्येक डब्याला त्याचा नंबर. कारखान्यापासून दुकानापर्यंत ज्याच्या हातून डबा जाईल त्यानं स्कॅनर मारून नोंद करायची. ही वही कुणा एकाच्या कपाटात नसते. सगळ्यांकडं तीच नक्कल, त्यामुळं एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

पण स्कॅनर हातात घेईल त्यानं दर वेळी अंगठा लावायचा, म्हणजे नोंदीत त्याचं नाव पडतं; आणि थंड खोलीत अंगठ्यावर हातमोजा असतो. दर दहा मिनिटांनी मोजा काढून बोटांची लाकडं कोण करून घेणार? म्हणून तिथल्या पाचजणांनी आपसांत रीत पाडली होती. सकाळी एकानं अंगठा द्यायचा, आणि तोच स्कॅनर दिवसभर सगळ्यांच्या हातात फिरायचा. साहेबलोकांना याचा पत्ता नव्हता.

त्या मंगळवारी अंगठा ओडेल मॅटिंगलीचा होता. जेवणाला पाच मिनिटं उरली असताना वर्लीनच्या पुढ्यात साठ डब्यांचं खोकं आलं. त्याच्यावरची चिकटपट्टी दुहेरी होती. खालची कापलेली, वरची नवी. तिनं ती पाहिली. नजर चुकली म्हणावं, तर तशीही सोय नव्हती. असं खोकं फोडायचं आणि साठच्या साठ डब्यांचे नंबर मारायचे, हा नियम. तिनं बाहेरचाच नंबर मारला, ‘उघडून तपासलं’वर बोट दाबलं आणि घेवड्याचं कालवण खायला गेली.

आत बारा डबे भलतेच होते. आदल्या उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यात चोरीला गेलेले, उन्हात पडून मातेरं झालेले. पुढच्या आठवड्यात गावच्या दुकानदारानं घाईत त्यातले तीन विकले, मग नंबर मारले, तर साखळीत ते चोरीचे निघाले. दोन गिऱ्हाईकं वेळेवर सापडली. तिसरा क्लेटस ब्लँडफर्ड, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्याची साखर इतकी चढली की चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. जगला, पण घरी आला तो काठी टेकत.

दुकानदाराची तक्रार आली त्याच दिवशी वखारीच्या मॅनेजर प्रुइटबाईंनी नोंद उघडली. ओडेलचं नाव निघालं.

“अंगठा माझाच हाय,” एवढंच ओडेल म्हणाला. रीत सांगितली असती तर पाचहीजणांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. त्याला घरी बसवलं.

थंड खोलीत पाचांतलीच एक, ट्विला म्हणाली, “म्हातारा झाला गं ओडेल. कबूल केलं म्हंजी खोकं त्याच्याच हातात असणार. एवढी पट्टी दिसंना व्हय त्याला?”

वर्लीन “हं” म्हणाली. त्या हुंकारानं तिची झोप नेली. ती ओडेलकडं जॅमचा केक घेऊन गेली. त्यानं एक तुकडा खाल्ला, “गोड जास्ती झालंय,” म्हणाला आणि बेसबॉल बघत बसला.

मग एका शनिवारी किराण्याच्या दुकानात क्लेटस भेटला. काठीवर रेलून म्हणाला, “तू तिथंच असतीस न्हवं? ते इन्सुलिन तुझ्या हातनं आलं असतं तर माझं असं हाल झालं नसतं बघ.”

तिच्या हातातली अंडी तिनं फळीवर परत ठेवली.

सोमवारी ती प्रुइटबाईंपुढं उभी राहिली आणि अंगठ्याच्या रितीसकट सगळं ओकली. “त्याचं नाव खोडा, माझं घाला.”

“खोडता येत नाही, वर्लीन. खाली दुरुस्ती जोडता येते फक्त. तुमच्या अंगठ्यानं.”

“मग जोडा.”

“नोकरी जाईल तुमची. इतर चौघांना, ओडेललाही, ताकीद देऊन सोडता येईल.”

“ते कळतंय मला.”

संध्याकाळी ती ओडेलच्या ओसरीवर गेली. तिनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “मला म्हाईत हुतं. खोकं तुझ्या टेबलावर हुतं.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुझ्या तोंडातनं यायला किती दिस लागत्यात ते बघत हुतो. केक घिऊन आलीस तवा वाटलं, आता बोलशील.”

 त्यानं तिला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

आता नोंदीत ओडेलच्या नावाखाली तिचं नाव आहे. तक्रार तीन तारखेची, कबुली बावीसची. मधले एकोणीस दिवसही तिथंच राहणार, कारखान्यात, वखारीत, दुकानात, सगळ्यांच्या नकलेत. क्लेटसनं अजून ती नोंद पाहिलेली नाही. उद्या त्याच्या दारात जायचं, एवढं तिनं ठरवलंय.