अल मनखूल ते इटली

गाडी कितीही झाडा, कोपऱ्यातून मूठभर वाळू निघतेच. आमच्या गाडीचे किस्सेही तसेच. एक सांगून मोकळं व्हावं, तर सीटखालून दुसरा निघतो. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. मी शाळेत गेले चौथीपर्यंत, इंग्रजी शिकले ती डब्यांवरची लेबलं वाचून. पण लिहिते. चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा!

*

वसंताने अबुधाबीच्या मुसफ्फात, कारखान्यांच्या वस्तीत, बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. (नवऱ्याला मी नावानेच हाक मारते. ज्याला खुपेल त्याने कान झाकावेत.) रिटायर झाला आणि एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन आला. मोबाइलवर कुणी जोडपं असल्या गाडीतून कुत्र्यांसकट इटलीभर हिंडताना पाहिलं होतं. "सुमन, आपणही जायचं. राणी-पापडला घेऊन!"

राणी म्हणजे सलुकी, अरबांची काटकुळी शिकारी कुत्री, वाळवंटात कुणीतरी सोडून दिलेली. पापड कुठल्याच जातीचा नाही.

वसंताने आत ओटा केला, पंखा लावला, लोखंडी पलंग केला. माप अगदी अचूक, दोन माणसांचं. पहिल्याच मुक्कामाला कुत्री पलंगावर आणि आम्ही खाली!

"आता वेल्डिंग झालंय," वसंता म्हणाला. "वाढत नाही."

*

गाडीच्या पुढच्या जाळीला त्याने पत्र्याची पाटी अडकवली, आपल्या एस.टी.ला असते तशी. एका बाजूला 'अल मनखूल – इटली', दुसऱ्या बाजूला 'इटली – अल मनखूल'. (अल मनखूल म्हणजे दुबईतली आमची वस्ती.) तालीम म्हणून शारजाला जाऊन आलो तरी परतताना स्वतः उतरून पाटी उलटणार. त्याशिवाय गाडी हलायची नाही.

एकदा लिव्याला, ऐन वाळवंटात, चाकं रुतली. उंटांचा मालक एक म्हातारा अरब पिकअप घेऊन आला. इथल्या जुन्या लोकांना हिंदी येतंच.

"हबीबी, किधर जाता?"

"इटली," वसंता छाती काढून म्हणाला.

म्हाताऱ्याने समोरच्या वाळूकडे पाहिलं. "इटली इधर नहीं. इधर सौदी."

ओढून काढलंन बिचाऱ्याने. वसंता उतरला, पाटी उलटली, सलाम ठोकला. तो म्हातारा हसत हसत मान हलवत बघत राहिला.

*

मग खरी तयारी. सहा महिने वसंता कुत्र्यांच्या कागदांमागे. चिप, लसी, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरचे शिक्के. फाइल अशी जाड! विझाच्या खिडकीवर त्याने ती अभिमानाने पुढे सरकवली.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, कुत्र्यांचं सगळं परफेक्ट आहे. तुमच्या पासपोर्टचे दोनच महिने उरलेत."

स्वतःचा पासपोर्ट उघडून बघायचंच राहिलं होतं गाढवाचं! मी त्याला दोन दिवस सोडला नाही. आता वाटतं, इतकं बोलायला नको होतं. नवा पासपोर्ट हातात आला त्याच आठवड्यात त्याच्या हार्टचं पंपिंग आलं पंचवीस टक्क्यांवर. डॉक्टर म्हणाले, विमान बंद. लांबचा प्रवास खलास.

*

वसंता आठवडाभर गाडीकडे फिरकला नाही. मग एका शनिवारी खडू घेऊन उठला आणि गाडीच्या आतल्या पत्र्यावर इटली मांडली. उम्म अल क्वैनची खाडी म्हणजे व्हेनिस. हत्ताचं धरण म्हणजे कोमोचं तळं. जाऊन आलो की समोर टिक. गाडी आमचा मुलगा चालवायचा, वसंता खिडकीशी, मांडीवर पापड.

मंडळाच्या गणपतीत एकीने टोमणा मारला, "काय वहिनी, इटलीला जाणार होतात ना?"

"गेल्या शनिवारी व्हेनिसलाच होतो," मी म्हटलं. "तुम्ही कुठे होतात? मॉलमध्ये?"

वसंता खूप हसला. हसताना धाप लागली, म्हणून खुर्ची आणावी लागली.

*

मुलाला सुट्टी मिळेना. लिस्टवर रोम (म्हणजे लिव्याची वाळू) तेवढं उरलं होतं आणि वसंताकडे दिवस थोडे, हे मला कुणी सांगायला नको होतं. सदुसष्टाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले. सहा वेळा नापास! सातव्या वेळी परीक्षा घेणारी अरब बाई म्हणाली (इथे वयस्क बाईला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई), "मामा, या वयात लायसन्स कशाला?"

"नवरा आजारी आहे. आणि रोमला जायचंय."

तिने पास केलंन.

लायसन्स घेऊन थेट हॉस्पिटलात गेले. वसंताने कार्डावरचा माझा फोटो बराच वेळ बघितला. "चोर दिसतेस," म्हणाला. मग हळूच, "तू चालव. पाटी मी उलटीन."

चार दिवसांनी गेला.

*

मुलगा म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू." नात म्हणाली, "आजी, नोबडी यूझेस इट." मी किल्ली उचलली, राणी-पापडला बसवलं आणि एकटी लिव्याला गेले. आणि कुठे रुतले? त्याच जागी!

तोच म्हातारा आला. गाडी ओळखलीन. आत डोकावलं.

"अम्मा, बाबा किधर?"

"इटली."

त्याने कुत्र्यांकडे पाहिलं. "इनको नहीं ले गया?"

"इनका कागज तैयार था. वोही बिना कागज चला गया."

त्याने दोर बांधला, गाडी डांबरी रस्त्यावर आणून सोडली. मग सावकाश चालत पुढे गेला, जाळीवरची पाटी उचलली आणि उलटायला लागला.

"रहने दो," मी म्हटलं.

त्याने पाटी होती तशी, 'अल मनखूल – इटली' अशीच, अडकवली, बाहीने तिच्यावरची वाळू पुसली आणि बाजूला झाला. मी गाडी दुबईकडे वळवली.