कप आणा, पर्मनंट व्हा!

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात कप काही साठले नाहीत, पण किस्से इतके साठले की विचारू नका! आजही जुनी पोरं कुणाच्या लग्नाकार्यात भेटली की एकजण हळूच म्हणतो, "सर, ते लोंढ्याचं सांगा की!" मग काय, पंगत उठते, वाढपी पत्रावळ्या गोळा करून जातात, तरी आमचं चालूच.

सत्तरचं दशक संपत आलेलं. निपाणीजवळ आमचं छोटं आर्ट्स-कॉमर्स कॉलेज, आणि मी तिथला फिजिकल डायरेक्टर. हुद्दा ऐकायला मोठा, पण ऑफिस म्हणजे जिन्याखालची अडगळ. त्यात नोकरी टेंपररी!

आमचे प्राचार्य धारवाडकडचे. मराठी झकास बोलायचे, फक्त चिडले की मधे कन्नड शिरायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमधलं काचेचं रिकामं कपाट दाखवलं. म्हणाले, "हे बघा री मास्तर, युनिव्हर्सिटीचा एक कप इथं आणून ठेवा, दुसऱ्या दिवशी पर्मनंटची ऑर्डर. कप नाही, तर मुगीतु!"

मुगीतु म्हणजे संपलं. एवढं कन्नड मला येत होतं.

आता पर्मनंटची मला एवढी घाई का? तर सुमन! कॉलेजपासून दोन मैलांवर एक वाडी आहे, तिथल्या आप्पांची ही मुलगी. आप्पा म्हणजे वाडीतलं बडं प्रस्थ, तंबाखूचं भरपूर पीक. मी बघायला गेलो तेव्हा सुमननं मान वर करून सरळ विचारलं, "तुम्ही नुसती शिट्टी वाजवता, का स्वतः पण पळता?" मी तिथंच गार! लई आवडली हो मला. पण आप्पांनी सुपारी कातरत निकाल दिला, "पोरगा बरा हाय. पर्मनंट झाल्यावर बघू."

म्हणजे कप आला तर नोकरी, आणि नोकरी आली तर सुमन. अशी सगळी माळ एका कपात अडकलेली.

*

जिमखान्याचा एक नियम असा, की वस्तू मोडली तरी फेकायची नाही. ऑडिटरनं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती मेली असं सरकार मानत नाही. त्यामुळं माझी निम्मी खोली मेलेल्या फुटबॉलांनी अडवलेली!

एका वर्षी ऑडिटर आले ते लई कडक. फुटके बॉल झाले, मोडक्या बॅटा झाल्या. मग म्हणाले, "गोळाफेकीचा गोळा दाखवा." गोळा कुठाय? मी कपाट उपसलं, शिपायाला पळवलं, पण गोळ्याचा पत्ता नाही. शेवटी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातून धाड धाड आवाज आला म्हणून तिकडं गेलो. आमचा आचारी तुकाअण्णा दगडी उखळात गोळ्यानं शेंगदाण्याची चटणी कुटत बसलेला!

"मुसळ मोडलंय सर," तो म्हणाला, "आन् ह्यो हातात लई ब्येस बसतोय."

जेवणाची वेळ झालेली. ऑडिटरांनी त्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले आणि शेरा मारला, 'गोळा समक्ष पाहिला. सुस्थितीत असून रोजच्या वापरात आहे.'

शेरा वाचून प्राचार्य मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या डिपार्टमेंटमध्ये रोज वापरात असलेली ही एकच वस्तू की हो!"

*

ट्रॅकसूटचं तर विचारूच नका. पोरांना ट्रॅकसूट पाहिजेत म्हणून मी अर्ज केला. खरेदी कमिटी म्हणाली, आधी नमुना दाखवा. मी निळ्या रंगाचा एक नमुना आणला. कमिटीनं तो उलटापालटा केला, ताणून बघितला आणि निर्णय पुढच्या मीटिंगवर टाकला. ती मीटिंग काही झाली नाही, नमुना मात्र आमच्याकडं राहिला.

मग आम्ही काय केलं, ज्याचा नंबर येईल त्यानं बक्षीस घेताना तो चढवायचा. कुणी दुसरा येवो, तिसरा येवो, फोटो त्या निळ्या ट्रॅकसूटमध्येच! भालाफेकवाल्या शिद्राम्याच्या तो पोटरीपर्यंत यायचा, आणि बुटक्या इस्माईलला दोन घड्या घालाव्या लागायच्या.

ते फोटो कॉलेजच्या भिंतीवर ओळीनं लावले होते. गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांनी लांबूनच बघितले आणि भाषणात सांगितलं, "आपल्या कॉलेजचा एकच खेळाडू इतके खेळ खेळतो, त्याचं मी विशेष कौतुक करतो!"

इस्माईल उठून नमस्कार करून आला.

*

आता लोंढ्याचं. कबड्डीची मॅच धारवाडला. संघ बरा होता, मला कपाची लई आशा. बेळगावहून रेल्वेनं निघालो. लोंढा जंक्शनला गाडी फुटायची. काही डबे गोव्याकडं, काही हुबळीकडं. आमची तीन पोरं वडे खायला उतरली. परत येताना त्यांना एक रिकामा डबा दिसला. आमच्या डब्यात ही गर्दी! पोरं म्हणाली, इथंच ऐसपैस बसू, धारवाडला उतरलं म्हणजे झालं.

धारवाडला उतरून मी डोकी मोजली, तर चारच! रेफ्रीच्या हातापाया पडून त्या चौघांना खेळवलं. निकाल काय लागला असेल ते तुम्हीच समजा.

तिघं दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर झाले, चेहरे एकदम ताजेतवाने. मी तापलेलाच होतो. "मूर्खांनो, चूक कळल्यावर मधे कुठं उतरायचं न्हाय व्हय?"

"उतरलोच न्हाय सर," एकजण म्हणाला. "समुद्र लागला तवा गाडीच थांबली!"

ही बातमी वाडीला पोचायला कितीसा वेळ? त्याच आठवड्यात बाजारात आप्पांनी मला गाठलं. "मास्तर, पोरं सांभाळाया येत न्हाईत, पोरगी कशी सांभाळनार?" मी मान खाली घालून कोथिंबीर निवडत उभा राहिलो.

*

मुलींचा खो-खो मात्र आमचा जोरदार. बहुतेक पोरी विडी कामगारांच्या घरातल्या. मॅच असली की त्यांच्या आया मैदानाच्या कडेला मांडीवर सूप घेऊन बसायच्या. विड्या वळता वळता आरडाओरडा! "पळ गं, पळ! घरात तर हाताला लागत न्हाईस!"

आमच्या पोरी पाटीवर अशा तयारीत बसायच्या की खो मिळायच्या आत निम्म्या उठलेल्या. समोरच्या कॉलेजचे कोच बघतच राहिले. मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, बसण्याची एवढी प्रॅक्टिस कशी घेता?"

मी उत्तर द्यायच्या आत एक आई म्हणाली, "त्यास्नी काय इच्यारताय? बसायला आमी शिकवलंय. उठायला तेवढं सरांनी."

फायनल एका गुणानं गेली. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. प्राचार्यांनी रिकाम्या कपाटाची काच रुमालानं पुसली, आणि मी केबिनमधून बाहेर पडलो.

*

मग आलं ते क्रॉसकंट्रीचं वर्ष. युनिव्हर्सिटीनं स्पर्धा आमच्याच कॉलेजला दिली. जो पहिला येईल त्याच्या कॉलेजला कप! आमच्याकडं होता भरमा. खानापूर तालुक्यातला, शेतकऱ्याचा पोरगा, अनवाणी पळायचा. वाऱ्याला ऐकायचा नाही. प्राचार्य म्हणाले, "मास्तर, आता तरी?" मी म्हणालो, "सर, ऑर्डर टाईप करायला घ्या!"

रस्ता आप्पांच्या वाडीतून जात होता. म्हणून आदल्या दिवशी मी मुद्दाम आप्पांना भेटलो. "पोरं पळत येतील. वाटेत म्हशी नकोत, बैलगाडी नको. तेवढं बघा."

"काय काळजी करू नगासा मास्तर. समदी चोख व्यवस्था करतो!"

सकाळी शर्यत सुटली. भरमा सगळ्यांच्या पुढं, आणि मी बऱ्याच मागून सायकलवर. वाडीच्या वेशीजवळ आलो तर हलगी कडाडतेय! म्हटलं, वा, पोरांना जोर यायला वाजवताहेत. पुढं जाऊन बघतो तर काय! भरमा खुर्चीत बसलेला, गळ्यात हार, आणि दोघंजण त्याच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधताहेत! आप्पा समोर हातात दुधाचा तांब्या घेऊन उभे.

वाडीची रीतच ती. कुस्ती मारलेला गडी वेशीतून चालला की त्याला फेटा बांधून, दूध पाजूनच सोडायचं. भरमा सगळ्यांच्या पुढं दिसला, म्हणजे जिंकला!

"आप्पा, सोडा त्याला!" मी ओरडलो. "शर्यत अजून दोन मैल आहे!"

"पयला आला न्हवं? मग झालं की!"

गर्दीतून सुमन ओरडत होती, "आप्पा, मी मघापासनं तेच सांगायलोय! सोडा त्यास्नी!" पण हलगीपुढं कोण ऐकतंय?

"उठ की रं भरम्या!"

"थोरली मानसं हायत सर," तो रडवेला होऊन म्हणाला. "न्हाय कसं म्हनू?"

तेवढ्यात बाकीच्या कॉलेजांची पोरं येऊन पोचली. आणि वाडीचं वळण बघा, सगळे दोन्ही बाजूंना सरकले. "ए, पावन्यास्नी वाट द्या रं!" एकेक करून सगळे भरमाच्या पुढून निघून गेले.

दुधाचा तांब्या रिकामा झाल्यावर भरमा सुटला. फेट्यासकट! जीव तोडून पळाला पोरगा. कितीतरी जणांना त्यानं मागं टाकलं. मैदानात शिरला तेव्हा आमचे चेअरमन दचकून म्हणाले, "हे कुठलं वऱ्हाड?"

तिसरा आला.

कप दुसऱ्या कॉलेजच्या बसमध्ये चढला. मी मैदानातच मटकन बसलो. प्राचार्य शेजारी येऊन उभे राहिले, पण त्यांना मुगीतुसुद्धा म्हणवेना.

तासाभरानं वाडीचा टेंपो आला. आप्पा उतरले, मागं चार म्हातारी माणसं, आणि सगळ्यात शेवटी सुमन. आप्पांचं तोंड एवढंसं झालेलं.

"मास्तर, आमच्यामुळं गेला कप?"

"जाऊ दे आप्पा," मी म्हणालो.

"आन् पर्मनंट?"

प्राचार्यांनी घसा खाकरला. "आता पुढच्या वर्षी बघू."

आप्पांनी एकदा प्राचार्यांकडं बघितलं, एकदा सुमनकडं. "सकाळधरनं पोरगी माझ्याशी एक शबुद बोलंना झालीया," ते म्हणाले. "मास्तर, मीबी तुमाला असंच बघू बघू म्हनत आलो. आता आनखी थांबा म्हनायला आमाला तोंड न्हाय."

सुमन माझ्याकडं बघत होती. भरमा तेवढा मधेच उभा, डोक्यावर तो गुलाबी फेटा तसाच.

आप्पा त्याच्याकडं वळले.

"भरम्या, सोड रं त्यो फेटा. चुकीच्या मानसाला बांधलाय आमी."