हात मांडीखाली

"यांना अफेझिया झालाय," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूला झटका बसल्यावर समजतं सगळं, पण शब्द सापडत न्हाईत. मला ते बराबर समजलं. विचारायचं होतं, किती दिवस? तोंड उघडलं, आवाज निघेना. आमच्या ह्यांनी लगेच सांगून टाकलं, "पाणी पाहिजे तिला." अन् पाजलं की पाणी!

कुंभार पिंपळगावात मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. लेकरांना बोलतं करणारी मी, आता घरात मुकी. बाया भेटायला यायच्या अन् माझ्यादेखत माझी विचारपूस ह्यांच्याकडे करायच्या. मंठ्याहून लेकीचा, सुनीताचा फोन आला की हेच बोलायचे, "आई बरी आहे. जेवली. झोपली." अहो, मी समोर टक्क जागी! भरल्या घरात इतकी एकटी मी कधीच पडले नव्हते. लेकीशी माझ्या तोंडानं बोलायचं, एवढंच मला हवं होतं.

जालन्याला स्पीच थेरपी, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवायचा उपचार, सुरू झाला. शिकवायला अश्विनी नावाची शिकाऊ पोरगी. गुणाची, पण दम म्हणून न्हाई. कपाचं चित्र दाखवायची अन् स्वतःच, "कप! बरोबर ना, मावशी?" अगं बाई, बोलायचं कुणाला, मला का तुला?

तिच्या मॅडम मागं बसून बघायच्या. एक दिवस उठल्या. रागावल्या न्हाईत, फक्त अश्विनीच्या खुर्चीत बसल्या. चित्र ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली दाबले अन् गप माझ्याकडं बघत राहिल्या. मला घाम फुटला. किती वेळानं निघालं, "क… प."

"मलाही लई घाई सुटते," मॅडम अश्विनीला म्हणाल्या, "म्हणून हातावर बसते."

पुढच्या खेपेला अश्विनीचेही हात मांडीखाली. ओठ दातात धरलेले! हे कोपऱ्यात पिशवी घेऊन बसलेले, सगळं बघत होते.

तुमच्या घरी हा आजार आला, तर गोळ्या वेळेवर द्याच. पण माणसाचं बोलणं त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. त्याला फार एकटं वाटतं.

परवा सुनीताचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावून माझ्यापुढं ठेवला.

"हॅलो? आई?"

मी अडखळले. ह्यांच्या ओठावर उत्तर आलेलं मला दिसत होतं. मंग त्यांनी हळूच दोन्ही हात मांडीखाली घातले.

"सु… नी… जे… जेवलीस का?"

तिकडून नुसते हुंदके. तिला बोलता येईना. मंग मीच थांबले.